डॅन्यूबच्या काठाने, सावकाश

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे या सभागृहात निदान आठ जण असतील आणि ते न विचारतासुद्धा बोलतील. मला सायकलवर बोलू द्या. तिकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बरं, पण वीस मिनिटांत आटप." तेव्हा घड्याळ समोर ठेवलंय.

जुलै २०२३ मध्ये आपल्याच वर्गातल्या तिघी, एकाच बाकावरच्या, जर्मनीतल्या पासाऊ गावापासून ऑस्ट्रियाच्या राजधानीपर्यंत, व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर गेलो. साधारण सव्वातीनशे किलोमीटर, आठ दिवस. म्हणजे दिवसाला चाळीस. सायकलिंग करणारी मंडळी हे ऐकून हसतील, कारण ती हे अंतर दोन दिवसांत संपवतात. आम्हाला संपवायचंच नव्हतं.

तिघी म्हणजे एक मी. दुसरी म्युनिकमध्ये राहते, लग्नानंतर तिकडचीच झाली. तिसरी इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. हरभट रोडवरचं वह्या-पुस्तकांचं दुकान चालवते. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी आपली पहिली कंपासपेटी तिच्या वडिलांच्या हातून घेतली आहे, त्यामुळे तिचं नाव घ्यायची गरज नाही. आजच्या बोलण्यात मी तिला दुकानवाली म्हणणार आहे आणि तिची परवानगी घेतली आहे.

आमचे नवरे कुठे होते, हे मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. घरी होते. मुलांचे डबे करत होते. मुलं जिवंत आहेत.

आता दुकानवाली का आली, ते आधी सांगायला हवं. २००५ च्या पुरात तिचं दुकान बुडालं, तेव्हा वडील होते. २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा वडील नव्हते आणि ती एकटी होती. जून-जुलैमध्ये भरलेला शाळेचा माल खाली अजून बराच शिल्लक होता. कागद भिजला की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल असं वाटतं, पण नसतं. तो फुगतो. फळ्या फोडतो. फुगलेल्या वह्यांनी लाकडी कपाटाचे खण आतून उचकटले होते. दुकानातून ट्रॉलीवर ट्रॉली लगदा बाहेर काढला. आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, परत. तेव्हा मालाचा बराच भाग तिने वेळेत हलवला होता, तरी फर्निचर गेलं. २०२३ मध्ये जागेला एक गिऱ्हाईक आलं. घरचे म्हणत होते, विकून टाक आणि विश्रामबागेत दुकान घे, तिकडे पाणी येत नाही. जुलैअखेर हो किंवा नाही सांगायचं होतं. म्युनिकवालीने तिला जवळजवळ ओढूनच आणलं. म्हणाली, "तिथे बसून हेच चघळणार आहेस, तर इथे सायकलवर बसून चघळ."

पासाऊला तीन नद्या मिळतात. दक्षिणेकडून आल्प्समधलं हिरवट पाणी घेऊन इन येते, उत्तरेकडून दलदलीतून आलेली काळसर इल्झ येते, आणि मधे डॅन्यूब. जुनं गाव इन आणि डॅन्यूब यांच्यामधल्या जिभेवर वसलंय. संगमावर उभं राहिलं की काही अंतरापर्यंत पाण्याचे पट्टे वेगळे दिसतात. गंमत म्हणजे तिथे इनचं पाणी वर्षाच्या सरासरीत डॅन्यूबपेक्षा जास्त असतं, पण नाव पुढे डॅन्यूबचंच चालतं. आम्ही तिघी एकदम म्हणालो, "हरिपूर!" कृष्णा-वारणेच्या संगमावर शनिवारी अर्ध्या शाळेनंतर चिंचांच्या सावलीतून सायकली हाणत आपण जायचो, तेव्हा सर, तुम्ही विचारायचात, "घरी सांगून आलात का?" उत्तर आज देते. नाही.

पासाऊच्या टाऊन हॉलच्या मनोऱ्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत. एकेक रेघ आणि पुढे साल. सगळ्यात वर १५०१. त्याच्याखाली लगेच २०१३. त्या वर्षी ३ जूनला पाणी १२.८९ मीटरवर गेलं, पाचशे वर्षांतलं सगळ्यात जास्त. त्याखाली १९५४ आणि बाकीची सालं. आपण पर्यटक काय करतो, शेजारी उभं राहून फोटो काढतो. दुकानवाली भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "यांनी लिहून ठेवलंय गं."

तिच्या घराण्यात पुराचं माप असं सांगतात: "आजोबांच्या वेळी गल्ल्याच्या खालच्या फळीपर्यंत आलं होतं." तो गल्लाच आता नाही.

टाऊन हॉलपासून जवळच एक कागद-पेनांचं छोटं दुकान होतं. ती त्यात शिरली आणि तिथून तासाभराने बाहेर आली. म्युनिकवाली मधे दुभाषी. मालकीणबाई साठीच्या असतील. त्यांनी भिंतीवरची विजेची बटणं दाखवली, आपल्या छातीच्याही वर. खालच्या भिंतींना चुन्याचा गिलावा, कारण तो वाळतो. खालचं सगळं फर्निचर स्क्रूवर, अर्ध्या तासात सुटं होणारं. खाली जेवढं आज विकायचं तेवढंच, बाकी माल वरच्या मजल्यावर. दुकानवालीने विचारलं, "सोडून जावंसं नाही वाटलं?" त्या बाई म्हणाल्या, "२०१३ ला वाटलं. मग साफसफाईला विद्यापीठाची पोरं आली, चिखल काढता काढता वर्ष निघून गेलं, आणि राहिलो." एवढंच. मी काहीतरी मोठं उत्तर येईल म्हणून कान टवकारले होते.

निघालो. रस्त्याबद्दल सांगते, कारण तुमच्यापैकी काही जण नक्की जाणार आहात आणि घाबरत असणार. रस्ता सपाट आहे. ऑस्ट्रियातल्या सुमारे ३५० किलोमीटरच्या प्रवासात ही नदी साधारण दीडशे मीटरच उतरते. आणि सायकलची वाट बहुतेक जागी जुन्या घोड्यांच्या वाटेवरून जाते. आगबोटी येण्याआधी प्रवाहाबरोबर खाली जाणं सोपं होतं, पण वर यायचं तर काठावरून घोडे दोर बांधून नावा ओढत. मोठ्या काफिल्याला चाळीस-पन्नास घोडे लागायचे. घोड्यांना चढ नको म्हणून वाट पाण्याच्या कडेने, सपाट. ती पुढे ओस पडली, आणि १९८० च्या दशकात तिचीच सायकलवाट झाली. तेव्हा मोडक्या गुडघ्यांनी निर्धास्त जावं. सायकली पासाऊला भाड्याने मिळतात, व्हिएन्नात परत देता येतात, बॅगा गाडीने पुढच्या मुक्कामी जातात. बसायचं दुखतं, तेवढं खरं. तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. त्यावर उपाय नाही.

काठावर पाट्या असतात, नदीचे किलोमीटर. पासाऊला आकडा होता २२२५ च्या आसपास. पुढे जाऊ तसा तो कमी होत जातो, व्हिएन्नाला १९३० च्या जवळ येतो. म्हणजे मोजणी उलटी आहे, समुद्राकडून. शून्य आहे रोमानियात काळ्या समुद्रावर, सुलिना गावी.  माझ्या धंद्यात मोजणी शून्यापासून सुरू करायची की एकपासून यावर लोक हातघाईवर येतात, त्यामुळे मला हे फार आवडलं. उगम नेमका कुठला यावर जर्मनीत अजून वाद आहे. मुख कुठे आहे यावर नाही. ज्या टोकाबद्दल भांडण नाही तिथून मोजायला घेतलं. दहा देशांतून जाणाऱ्या नदीला हे शहाणपण लागतंच.

श्लोगेनला नदी डोंगराला अडून उलटी फिरते, जवळजवळ पूर्ण वळसा घेते. फोटो स्मरणिकेत दिला आहे, वर्णन करत नाही.

ऑटेन्सहाइमला एका तरीतून पलीकडे गेलो. तिला इंजिन नव्हतं. नदीवर आडवी पोलादी दोरी, तिच्यावर धावणाऱ्या चाकाला तर बांधलेली. नावाडी सुकाणू थोडं फिरवतो, होडी प्रवाहाला तिरकी होते, आणि प्रवाहच तिला आडवं ढकलत पलीकडे नेतो. परत यायचं तर कोन उलटा. डिझेल नाही, आवाज नाही. सातवीत बलांचा समांतरभुज चौकोन काढताना आपण "हे आयुष्यात कुठे लागणार?" असं विचारलं होतं. लागलं, बाई.

आणि गणिताचे सर समोर आहेत म्हणून ही गोष्ट सांगते. लिंझ हे त्या वाटेवरचं मोठं शहर. योहानेस केप्लर तिथे १६१२ ते १६२६ राहिला. ग्रहांच्या कक्षांचे नियम मांडणारा तोच. १६१३ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. त्या वर्षी द्राक्षं भरपूर आली होती, नदीवरून दारूची पिंपं लिंझच्या धक्क्यावर उतरत होती. केप्लरने घरी काही पिंपं घेतली. विक्रेत्याने एक काठी पिंपाच्या मधल्या भोकातून तिरकी आत घातली, ती तळाच्या कडेला टेकली, काठीवरचा आकडा वाचला आणि किंमत सांगितली. सगळ्या पिंपांना तीच काठी. केप्लर म्हणाला, हे कसं? लांब-बारीक पिंप आणि आखूड-जाड पिंप यांची तिरकी लांबी सारखी असू शकते, पण आत मावणारी दारू सारखी कशी असेल? दुसरा कोणी असता तर भांडला असता किंवा गप्प बसला असता. याने १६१५ साली पिंपांच्या घनफळावर पुस्तक छापलं. त्यात निघालं काय, तर ऑस्ट्रियातले पिंप बनवणारे कारागीर ज्या प्रमाणात पिंपं बनवत, त्या प्रमाणाच्या आसपास घनफळ सगळ्यात जास्त असतं, आणि कमाल किमतीच्या जवळ आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी घनफळ फारसं बदलत नाही. म्हणजे काठी ठीक होती! बारावीला आपण महत्तम-लघुत्तमची गणितं घोकली, कॅल्क्युलसच्या वाटेवरच्या सुरुवातीच्या पावलांपैकी हे एक. मला वाटतं, सर, तुम्ही ही गोष्ट सांगितली असतीत तर आमच्यातले अजून चार जण पास झाले असते.

लिंझनंतर माउटहाउझेन येतं.

इथे मला जरा थांबायचंय. नदीकाठचं सुंदर गाव, रंगीत घरं, धक्का, आइसक्रीम. वर टेकडीवर छळछावणी. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला आणि ऑगस्टमध्ये ही सुरू झाली. जागा निवडली ती ग्रॅनाइटच्या खाणीसाठी. ती खाण व्हिएन्ना महापालिकेच्या मालकीची होती, शहराच्या रस्त्यांना फरशीचा दगड तिथून जात असे. छावणी झाल्यावर कैदी तोच दगड पाठीवर घेऊन खाणीतून वर चढत. त्या जिन्याला १८६ पायऱ्या आहेत. सुमारे एक लाख नव्वद हजार माणसं माउटहाउझेन आणि तिच्या उपछावण्यांत कोंडली गेली, त्यातली निदान नव्वद हजार मेली. ५ मे १९४५ ला अमेरिकन सैन्य आलं.

चढ असल्यामुळे आम्ही सायकली ढकलत वर गेलो. एका खोलीत मेलेल्यांची नावं लिहिली आहेत, ८१ हजारांहून जास्त, त्या त्या माणसाच्या लिपीत जमेल तिथे. भिंतीबाहेर एक मोकळं मैदान आहे, नुसतं गवत. तिथे पहारेकऱ्यांचा फुटबॉलचा संघ खेळायचा आणि आसपासची माणसं सामने बघायला यायची. शेजारी आजारी कैद्यांचा तळ होता. या एका गोष्टीपुढे मला बाकीचे आकडे लांबचे वाटले. मैदान लहान होतं. पलीकडचं न दिसणं शक्यच नव्हतं.

म्युनिकवाली म्हणाली, तिकडे शाळेच्या सहली इथे येतात. तिचा मुलगा अशाच एका छावणीला नववीत जाऊन आला, आणि घरी येऊन दोन दिवस काही बोलला नाही. काही लोक म्हणतात, सुट्टीवर असताना कशाला जायचं? खाली वाटेवरून सायकली सरसर जात होत्या, त्यांतल्या बऱ्याच वळत नव्हत्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मला वाटतं, अडीच तास काढावेत. त्या संध्याकाळी आम्ही तिघी मुक्कामाला पोचलो आणि जेवणाआधी भडंगाचं पाकीट फोडून, न बोलता संपवलं.

दुसऱ्या दिवशीपासून नदीकाठी मातीचे बांध लागले. माउटहाउझेनपासून ग्राइनपर्यंतचा तो सखल भाग २००२ च्या पुरात बुडाला होता. त्यानंतर २०१२ पर्यंत तिथे ३६ किलोमीटर लांबीचं पूरसंरक्षण बांधलं. सगळीकडे भिंत नाही. जिथे बांधून उपयोग नव्हता तिथल्या वस्त्या आधीच उठवून उंचावर नेल्या, आणि ती जमीन नदीला पसरायला सोडली. ग्राइन गावात तर गंमतच आहे: एरवी काठावर भिंत दिसत नाही, गाव आणि नदी समोरासमोर. पुराचा अंदाज आला की जमिनीतल्या खाचांत खांब उभे करतात आणि त्यांच्यात अॅल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवतात. २०१३ ला या भिंतीच्या एका बाजूला पाणी जवळजवळ वरच्या कडेला टेकलं होतं आणि दुसऱ्या बाजूला चौक कोरडा होता. तो फोटो जगभर गेला.

दुकानवाली त्या खाचांवरून दोनदा चालत गेली. मी म्हटलं, "बघ, असं सांगलीला केलं तर?" ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते तशी बघितली. इंजिनिअर लोकांकडे बघायची तिची ती नजर आहे. म्हणाली, "यांचा पूर दोन-चार दिवसांचा. आपला आठवडाभर बसतो. कोयनेतून किती सोडलं, वारणा किती आली, खाली पंचगंगेने किती अडवलं, अलमट्टीत किती साठवलं, यावर आपलं पाणी ठरतं. फळ्या लावशील, मागच्या नाल्यातून आत येईल ते कसं अडवशील?" ती रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर फोन काढून कोयनेचा विसर्ग आणि आयर्विनचे फूट बघत होती. आपण साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिकडे आठ वाजता इथला साडेअकराचा आकडा मिळायचा. त्या वर्षी पाणी पात्रातच होतं. तरी बघायची. "आयर्विनला किती?" हे वाक्य मी डॅन्यूबच्या काठावर आठ दिवस रोज ऐकलं.

मग म्हणाली, "मला भिंत नको. मला आकडा वेळेत हवा, आणि तो खरा आहे असा विश्वास हवा. त्या पासाऊच्या बाई फळ्या काढायला घेतात, कारण आलेल्या आकड्यावर त्यांचा भरवसा आहे. आपल्याकडे आकड्याच्या आधी व्हॉट्सअॅपवर धरण फुटतं." या वाक्यावर मी आजही विचार करते. मी सर्व्हर कधी पडेल याचा अंदाज देणाऱ्या यंत्रणा बनवते. अंदाज चुकला तर चालतो, पण तीनदा उगीच घंटा वाजवली की चौथ्यांदा कोणी उठत नाही, हे आमच्याकडेही अगदी तसंच आहे.

ग्राइनला एक नाट्यगृह आहे, आणि आपण नाटकाच्या गावचे, म्हणून बघितलंच पाहिजे असं मी धरून बसले. १७९१ सालचं, धान्याच्या कोठारात केलेलं, एखाद्या मोठ्या वाड्याच्या दिवाणखान्याएवढं. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं ते १८४३ ला, म्हणजे त्यानंतर बावन्न वर्षांनी. तिथल्या काही खुर्च्यांची बैठक वर दुमडून कुलूप लावायची सोय आहे: वर्षभराची खुर्ची घेतली की किल्ली खिशात. प्रेक्षागृहातच पडदा लावलेला शौचकूप आहे, नाटक चुकू नये म्हणून. आणि शेजारच्या कोठडीतून कैद्यांना प्रयोग दिसावा अशी भिंतीत फट होती. गॅदरिंगला आपल्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं तेव्हा खिडकीतून बघितलेलं नाटक सगळ्यांना आठवत असेल. तेच.

पुढचे दिवस भराभर सांगते. वाटेत धरणं लागतात, ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबवर दहा जलविद्युत केंद्रं आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी सायकल त्यांच्या माथ्यावरूनच पलीकडे जाते. मेल्कचा मठ डोळे दिपवणारा. १०८९ पासून तिथे बेनेडिक्टिन साधू आहेत, आताची सोनेरी इमारत अठराव्या शतकातली. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की तिथे आजही शाळा भरते. आम्ही गेलो तेव्हा सुट्टी होती, पण एका जिन्याच्या कठड्यावर करकटकाने कोरलेली नावं होती. त्यामुळे बरं वाटलं.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाउचा टापू. डोंगरउतारावर चुना न वापरता नुसते दगड रचून केलेल्या पायऱ्या, त्यांवर द्राक्षं, खाली जर्दाळूच्या बागा. आम्ही गेलो तेव्हा जर्दाळू पिकले होते, रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या. पिठाच्या गोळ्यात अख्खा जर्दाळू घालून उकडतात आणि तुपावर परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. आपल्या मोदकाची लांबची बहीण. दुकानवालीने सहा खाल्ले. विलेनडॉर्फ नावाच्या वाडीत १९०८ साली रेल्वेच्या कामात अकरा सेंटिमीटरची दगडी स्त्रीमूर्ती सापडली, जवळपास तीस हजार वर्षांपूर्वीची. ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात कैद होता, खंडणी देऊन सुटला. किल्ला वरून बघायला चढ आहे, आम्ही खालून बघितला.

या टापूतली नदी धरणाविना वाहते. ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबचे असे दोनच लांब पट्टे उरलेत, हा एक आणि दुसरा व्हिएन्नाच्या पुढे. इथेही धरण करायचं घाटत होतं, लोकांनी होऊ दिलं नाही. फरक काठावरच्या माणसालासुद्धा कळतो. धरणामागचं पाणी तळ्यासारखं गप्प असतं. इथे सायकल थांबवली की आवाज येतो, तळाशी गोटे सरकल्याचा बारीक आवाज.

आणि त्वेन्टेनडॉर्फ. मी इंजिनिअर म्हणून या एका जागेसाठी वाट वाकडी करायला तयार होते, पण ती वाटेवरच आहे. पूर्ण बांधून झालेलं अणुवीज केंद्र. ५ नोव्हेंबर १९७८ ला चालू करायचं की नाही यावर सार्वमत झालं, ५०.४७ टक्के लोक नाही म्हणाले. सुमारे तीस हजार मतांचा फरक. ते एक दिवसही चाललं नाही. आज तिथे आवारात सौर पॅनेल आहेत. मी आणि म्युनिकवाली यावर बारा किलोमीटर भांडलो. माझं म्हणणं, बांधायच्या आधी विचारायचं असतं. तिचं म्हणणं, बांधून झाल्यावरही नाही म्हणता येतं हे महत्त्वाचं. दुकानवाली मागून म्हणाली, "पैसे कोणाचे गेले तेवढं सांगा." भांडण मिटलं नाही. आजही मिटलेलं नाही.

व्हिएन्नात शिरताना डाव्या हाताला एक लांबच लांब बेट लागतं, २१ किलोमीटर. लोक पोहतात, मुलं पतंग उडवतात. ते माणसांनी केलेलं आहे. १९७२ ते १९८८ अशी सोळा वर्षं खोदून शहराने पुराच्या पाण्यासाठी नदीला समांतर दुसरं पात्र काढलं, आणि निघालेल्या मातीचं मधे बेट केलं. एरवी त्या पात्रात पाणी स्थिर असतं. पूर आला की वरचे दरवाजे उघडतात. बाकी नदी निळी नाही. हिरवट, कधी मातकट. स्ट्राउसला १८६७ ला कुठली दिसली कोण जाणे.

शेवटच्या संध्याकाळी त्या बेटावर बसलो असताना दुकानवालीने घरी फोन लावला. आम्ही दोघी लांब जाऊन बसलो. पाच मिनिटांत आली आणि म्हणाली, "विकत नाही." म्युनिकवालीने विचारलं, "पूर आला तर?" ती म्हणाली, "येणारच. विचारायचं काय त्यात?" मला मनातून वाटत होतं की तिने विकावं. मी तसं तिला त्याच रात्री सांगितलंही, आणि माझं मत अजून तेच आहे. दुसऱ्या पुराच्या वेळी तिचा रक्तदाब किती होता ते मला माहीत आहे. पण दुकान तिचं आहे.

आता हरभट रोडला जाऊन बघा. खाली एक दिवसाचा माल, गोदाम विश्रामबागेत. विजेची बटणं डोक्याच्या वर, त्यामुळे दिवा लावायला आपल्यातल्या निम्म्या जणींना टाचा उंचवाव्या लागतात. कपाटं पत्र्याची, सुटी होणारी. आणि दारातून आत गेल्यावर उजव्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने तीन रेघा: २००५, २०१९, २०२१. पोरं वह्या घ्यायला येतात तेव्हा त्या रेघांशी उंची मोजतात. २०१९ ची रेघ अजून कोणालाच पार झालेली नाही.

तर माझं बोलणं इथे येऊन पोचतं, आणि माझ्याकडे तीन मिनिटं उरली आहेत. आपल्या शाळेच्या तळमजल्यावर तिन्ही वर्षी पाणी होतं. रंग दिल्यावर खुणा गेल्या. मुख्याध्यापक बाईंना मी सकाळी विचारलं, त्यांची हरकत नाही. जिन्याजवळच्या भिंतीवर तीन पितळी पट्ट्या बसवायच्या, साल आणि आयर्विनची पातळी कोरून. खर्च फार नाही, आमच्या तिघींनी उचलला आहे, तेव्हा कृपा करून पाकिटं काढू नका. हवी आहे ती माहिती. कुठल्या वर्षी पाणी नेमकं कुठवर आलं, ते पाहिलेला माणूस हवा किंवा फोटो हवा. शिपाईमामा आज आलेत. त्यांना २०१९ ला जिन्याची कितवी पायरी बुडाली ते तोंडपाठ आहे. २००५ बद्दल मात्र मामांचं आणि चित्रकलेच्या सरांचं एका पायरीने जमत नाही, आणि दोघंही मागे हटायला तयार नाहीत. ज्यांच्याकडे त्या वर्षीचे फोटो असतील, धुरकट असले तरी चालतील, त्यांनी जेवणाआधी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि फोन लिहावा. वही दुकानवालीने दिली आहे, दोनशे पानी आहे.